आकडा

पुस्तकाला एकोणीस दिवस उशीर झाला.
पेडणेकर मॅडमनी रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, चष्मा कपाळावर नेला.
"हर्षाली, दोनशे पानांना एवढे दिवस?"
परीक्षा होती, म्हणाले.
परीक्षा नव्हती.

प्रत्येक पान चार वेळा वाचावं लागतं.
चौथ्यांदा वाचताना खाली एखादी रिक्षा वाजली
की परत पहिल्या ओळीपासून,
कारण ती वाजली तेव्हा नजरेखालचा शब्द
'पडला' असेल, 'गेला' असेल,
आणि बाबा नेमके त्या क्षणी
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
थप्पीच्या पायथ्याशी उभे असतील.

असं काही नसतं, हे मला कळतं.
कळतं, आणि तरीही चार वेळा.

गोष्टीतली मुलगी दाराची कडी तपासते.
सोळाचीच आहे. तिला स्वतःची खोली आहे,
तिथे ती रात्रभर उठली तरी कुणाला कळत नाही.
आमची सिडकोची एकच खोली, सेक्टर पाच.
गॅसचं बटण बघायला जाताना
मला तिघांना ओलांडावं लागतं.
आई झोपेतच म्हणते, "बंद आहे गं."
तिचं म्हणणं धरता येत नाही,
ती एकदाच म्हणते.

एकसष्टाव्या पानावर डॉक्टर तिला त्या आजाराचं नाव सांगतात.
मी ते पान चार वेळा वाचलं.
मग पाचव्यांदा.
पाचव्यांदा कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांचा आकडा दारामागे खिळ्याला लटकतो,
टोक पोत्यात शिरून शिरून चकचकीत झालेलं.
लहानपणी मला वाटायचं, शाळेत शिकवतात ते आकडे
असेच असणार, वाकडे, कशात तरी अडकणारे.
फार काही चुकलं नव्हतं माझं.

एका रात्री जेवताना मी विचारलं,
पोती मोजताना चुकलं तर?
"चुकतं की," बाबा भात कालवत म्हणाले,
"हजारात दोन-चार इकडेतिकडे होणारच.
मुकादम घट धरतो नि वही मिटतो."
रात्री परत मोजायला नाही जात?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग ताटातला पापड मोडून अर्धा मला दिला.

एकशे चौऱ्याण्णवावं पान मी तीनदाच वाचून उलटलं.
घट धरली.
दुपारभर मळमळत होतं, हात गार.
बाबा साडेसहाला आले, नेहमीसारखे,
टॉवेलवर कांद्याचे पापुद्रे.
यातून काहीच सिद्ध होत नाही, डोकं म्हणालं.
बरोबरच आहे.
त्या रात्री गॅस मी अकरा वेळा पाहिला.

पुस्तकाच्या शेवटी ती मुलगी बरी होत नाही.
दाराबाहेर उभी असते, किल्ली खिशात,
आणि जिना उतरायला लागते. संपलं.
मला राग आला होता. आता तेवढा नाही.

"एकोणीस रुपये दंड," मॅडम म्हणाल्या.
मी विसाची नोट दिली.
विसाला चारने भाग जातो. एकोणीसला जात नाही.
राहू द्या, असं म्हणायचं ठरवूनच आले होते.
मॅडम खण उघडून सुटे शोधत राहिल्या,
स्टेपलच्या पिना, रबरबँड, कुणाचं तरी ओळखपत्र,
आणि तळाशी एक रुपया.

मी हात पुढे केला.