एक जास्त

फुलेवाडीला टायरात हवा भरली तेव्हा अंधारच होता.
दाजीपूरच्या गेटवर पावती फाडली:
जीप एक, कॅमेरा एक, माणसं सहा.
पुढच्या सीटवर वाटाड्या जानू लांबोर,
मांडीवर घोंगड्याची घडी,
पायांत एक नंबर मोठे खाकी बूट.

दोन तास नुसती झाडं.
अंजनी, जांभूळ, परत जांभूळ.
मेहुण्यानं चिवड्याची पुडी फोडली
तसा जानूनं मागं न बघता हात वर केला.
पुडीसुद्धा गप्प बसली.

सड्याच्या कडेला गवे.
आधी पांढरे मोजे दिसले,
मग त्यांच्यावर उभा असलेला काळोख.
मुलगी पुटपुटत मोजायला लागली,
चार, पाच, ते पिल्लू धरून सात.
कॅमेरा खटखट करत राहिला.

जानू तिकडं बघतच नव्हता.
त्याची नजर उजवीकडं, एका फणसावर.
फणसाखाली तीन दगड, काळे पडलेले,
मधल्या राखेच्या जागी आता नेचे.

"हितं आमची चूल," तो म्हणाला,
जसं कुणी स्टँडवर सांगावं, ही गारगोटीची गाडी.
"म्हसरं त्या अंगाला बांधायची.
पावसाळ्यात ह्यातला एखादा रातचा येऊन
म्हशींत बसायचा, ऊब धरून.
सकाळी आई मोजायची,
तर एक जास्त भरायची."

"मग हाकलायचा?" मुलीनं विचारलं.

"कशाला? धार काढून व्हईस्तवर
त्योच उठून जायचा.
आई म्हणायची, पाव्हणा हाय,
बिरोबाच्या घरचा."

पुढं विचारावंसं वाटलं,
घर कधी उठलं, कोण उठवलं, म्हशी कुठं गेल्या.
पण आमची वेळ संपत आली होती,
आणि ड्रायव्हरला दुसरी फेरी होती.

परतताना जानूनं बूट काढून हातात घेतले,
अनवाणी पाय डॅशबोर्डखाली पसरले.
तळव्याला जुन्या भेगा,
त्यांत लाल माती आधीपासूनच होती.

गेटवर गार्डनं टॉर्च मारून माणसं मोजली.
"सहा. बरोबर," म्हणाला, आणि वहीत टिकमार्क केला.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, सात आहेत."

जानू तोवर उतरून
पुढच्या जीपकडं चालला होता.