सुकेशनीला

लांजेवार सरांनी बिस्किटांच्या खोक्याचे तीन पुठ्ठे कापले.
एक तुलाराम कापगतेच्या गळ्यात अडकवला,
एक माझ्या.
मधल्यावर निळ्या खडूनं लिहिलं : पुशेस.
तो धरायला कोणी उठेना,
मग खुर्चीवरच उभा केला.

"वाचा बे."
सहावीचा वर्ग ओरडला,
तुलाराम पुशेस सुकेशनी.
यात नवीन काही नव्हतं.
कालच बोरिंगवर ढकललं होतं त्यानं,
गुंडी सांडली, गुडघा सोलला,
आणि नेमका त्याच्या बापाच्या राइस मिलचा भोंगा वाजला
म्हणून सगळे हसले.

सर म्हणाले, आधी मराठीत पाहू.
तुलारामनं सुकेशनीला ढकललं.
मला पुढं आणलं, त्याला मागं नेलं.
सुकेशनीला तुलारामनं ढकललं.
मग बोरिंगवरच्या बाया सांगतात तसं,
ढकललं ना वं तुलारामनं सुकेशनीला!
फळ्याशी उभी राहा, दाराशी राहा,
पार खिडकीत जाऊन बस,
पडलेली मीच.
माझ्या नावाला ला चिकटला होता,
परकराला कुसळ चिकटतं तसा,
झटकलं तरी घरापर्यंत येणारा.

"आता इंग्रजीत जागा बदला."
मी दोन पावलं टाकली.
तुलाराम माझ्या जागी गेला, शेंबूड पुसत,
त्याला काही कळलं नव्हतं.
"वाचा."
सुकेशनी
म्हणून वर्ग थांबला.
बाहेर मिलचा कोंडा उडत होता.
पुशेस
हे तिघाचौघांनीच वाचलं.
तुलाराम
तर फक्त सरांनी.

ना ने, ना ला.
सर म्हणाले, या भाषेत नावाला शेपूट नसते,
जागा हाच माणूस.

हे आम्हाला शिकवायची गरज नव्हती.
पंगतीत कोण कुठं बसतो,
बोरिंगवर कोणाची गुंडी कोणाच्या मागं,
जागेवरून आडनाव ओळखणारं गाव आमचं.
फक्त तिथं
"बदला" म्हणणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी आई रोवणीहून आली,
नखांत बांधीचा चिखल.
"का शिकलीस वं आज?"
म्हटलं, इंग्रजीत आधी करणारा येतो,
लगेच करणं,
आणि ज्याचं व्हायचं ते झालं तो शेवटी.
"आमचं नाही बा तसं," आई म्हणाली,
"आम्ही पऱ्हे लावत मागं मागं सरतो.
किती झालं ते
धुऱ्याला पाठ लागल्यावर दिसते."

आता साकोलीच्या दवाखान्यात रात्रपाळी करते.
रजिस्टर इंग्रजीत.
तिथं एक वाक्य भेटलं, जे सरांनी शिकवलंच नव्हतं :
पेशंट वॉज पुश्ड.
एवढ्यावर पुरं होतं ते.
ढकलणारा पार शेवटी,
बायच्या आडोशाला उभा असतो,
आणि ओळीत जागा नाही म्हटलं की
घरी निघून जातो.

परवा पिंपळगावची एक बाई आली, मनगट सुजलेलं.
"धक्का लागला."
कोणाचा?
ती पंख्याकडे पाहत राहिली.
टाके, पट्टी, इंजेक्शन,
मग चहाचा कप अर्धा झाल्यावर नाव सांगितलं, हळूच,
जणू तिनंच काही चोरलं होतं.
मी लिहिलेली ओळ खोडली.
त्याला बायमागून ओढून आणला
आणि पहिला उभा केला.
रजिस्टर खराब झालं म्हणून मेट्रन बोलली.

तुलाराम आता मिल पाहतो.
बसस्टॉपवर भेटला की मॅडम म्हणतो,
पोट सुटलंय, स्वभाव वाईट नाही.
बोरिंगचं काही काही आठवत नाही त्याला.
गुंडी नाही, गुडघा नाही.
एकदा मात्र पानाची पिचकारी टाकून हसत म्हणाला,
"सहावीत तू मले ढकलली होतीस ना वं?
साऱ्या वर्गासमोर?"

बस आली होती.
मी नाही म्हटलं नाही.