दोन कपाटं

पलासियाच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या ताब्यात दोन कपाटं आहेत.

एकात साठ लिफाफे. खाकी, जाड.
उजेडात धरले तरी आतलं दिसू नये
म्हणून मीच कार्बन पेपर घातला होता.
आत एकच शब्द: ऑपरेशन, नाहीतर पथ्य.
कुणाच्या पोटाला सुरी, कुणाला नुसता दुधी आणि चालणं,
हे ना डॉक्टर मुळ्ये ठरवत, ना पेशंट, ना घरचे.
संगणकानं एका रात्री आकडे पिसले,
पत्ते पिसावेत तसे,
आणि बंद झाला.

दुसऱ्यात एक हजार नऊशे बारा फायली.
हे सगळे आपल्या पायांनी आलेले.
कुणी गुडघ्यांपायी, कुणी लग्न जमेना म्हणून,
सियागंजचा एक मसालेवाला तर
पैशाची पिशवी धरलेल्या मुनिमासकट.
इथले आकडे देखणे आहेत. साखर उतरलेली, मरण कमी.
डॉक्टर मुळ्यांना हे कपाट आवडतं.
मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू.
पण ज्याच्यात टेबलापर्यंत यायची ताकद होती,
फी होती, रात्री उशाशी बसायला मुलगा होता,
तो तसाही चार वर्षं जास्त जगला नसता का?
हे विचारलं की मीटिंगमध्ये चहा येतो.

माझी नणंद, वृंदाताई टेंबे, रामबाग, एकशे अठरा किलो.
म्हटलं, चाचणीत या, खर्च माफ आहे.
लिफाफ्याकडे बघून म्हणाली,
"चिठ्ठी भिशीत काढतात गं. पोटाची नाही."
पाटल्या मोडल्या, सरळ आली, दुसऱ्या कपाटात गेली.
आता सत्तर.
पहाटे नेहरू पार्कला आठ फेऱ्या,
थंडीत गराडू समोर आला तरी एकच फोड, तीही अर्धी.
सगळे म्हणतात, ऑपरेशनची कमाल.
मी तिला पंचवीस वर्षं बघते आहे.
एक पापड वाकडा झाला
तर गोळा मोडून पुन्हा लाटणारी बाई ती.
सुरीचं किती, हट्टाचं किती,
कुठल्या चाळणीनं चाळू?

आणि लिफाफा क्रमांक सदतीस.
कमलेश खूबचंदानी, सिंधी कॉलनी. निघालं: पथ्य.
तो रडला. माझ्या टेबलाशी उभा राहून,
एवढा मोठा माणूस, शर्टाचं मधलं बटण तुटलेलं.
"दीदी, एक बार और निकालो ना."
नाही काढलं.
त्याच वयाचा, जवळपास त्याच वजनाचा अडतीस नंबर
त्याच आठवड्यात आत गेला.
दोघांत फरक फक्त एका कागदाचा,
म्हणून तर उत्तरावर विश्वास ठेवायचा.
बरोबरच आहे. नव्या मुलींना हे मीच शिकवते.
त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकंच.

साठ माणसं, दोन वर्षं.
वजनाचं उत्तर मिळालं, लख्ख:
सुरी जिंकली, चांगल्या वीस-बावीस किलोंनी.
मरणाचं नाही मिळालं.
साठांत, दोन वर्षांत, मरतं कोण?
त्यासाठी पुन्हा दुसरं कपाट उघडावं लागतं,
जिथं पाचव्या वर्षाच्या रकान्यात
सहाशे जण गप्प आहेत.
बरे झाले म्हणून आले नाहीत,
की पुन्हा फुगले, आणि लाजेनं आले नाहीत,
की येण्यासारखं कुणी उरलंच नाही?
कोऱ्या चौकोनाला तिन्ही सारखेच दिसतात.

दर बुधवारी मी त्यांना फोन लावते.
हा नंबर अस्तित्वात नाही.
हा नंबर आता भाच्याकडे असतो.
एका बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

काल एका मुलीनं उचलला. मागे टीव्ही मोठ्यानं.
"बाबा? ते सराफ्यात असतात ना रात्रीचे, जिलबी तळायला."
खातात का?
"वासानंच पोट भरतं म्हणतात."
आणि वजन, वजन किती असेल साधारण?
ती हसायला लागली.
"काट्यावर ते मैदा ठेवतात, मावशी. स्वतः कशाला चढतील?"

मी लिहिलं: जिवंत.
पुढच्या रकान्यावर पेन थोडा वेळ टेकवून ठेवलं.
एक निळा ठिपका उमटला आहे तिथं.
तो आता कशात मोजायचा, बघते.