शेवटचा रकाना

वडील माशांची गाडी धुऊन आत येतात,
हाताला अजून मॅकरेलचा वास,
आणि माझ्या तक्त्यावर वाकतात.
उभ्याने चार विद्यापीठं.
आडवे रकाने : क्रमवारी, शिष्यवृत्ती, मार्गदर्शक, घरभाडं.
शेवटच्या रकान्याचं नाव : दोर.

'दोर म्हणजे?'

त्यांना माहीत आहे दोर म्हणजे काय.
अकरा वर्षांची असताना त्यांनीच मला नेऊन सोडलं होतं
चर्चच्या मनोऱ्याखाली, दर गुरुवारी,
कारण गुरुवारी शेजारच्या गावात मासे विकायचे असत
आणि मला ठेवायला दुसरी जागा नव्हती.
वर सहा घंटा, खाली सहा माणसं.
पोस्टातून निवृत्त झालेल्या मिसेस ट्रेगियर म्हणाल्या,
ओढणं काय, कुणालाही येतं, पोरी.
दोर वर जातो तेव्हा त्याला जाऊ द्यायचं,
एवढं शिकायला लोकांना वर्ष लागतं.
मला दीड लागलं.

आम्ही गाणी वाजवत नाही, क्रम वाजवतो.
एक दोन तीन चार पाच सहा,
मग दोन एक चार तीन सहा पाच,
असे सातशे वीस, एकही पुन्हा न येता,
कागद न बघता, पंचवीसेक मिनिटांत.
देवावर विश्वास असलाच पाहिजे असं नाही,
शेजाऱ्याच्या हातांवर मात्र हवा.
मी संख्याशास्त्राकडे वळले ती त्याच जिन्यावरून,
पण अर्जात तसं लिहिलं नाही.
अर्जात 'गणिताची उपजत ओढ' लिहिलं.

'हौसेला मोल नसतं,' वडील म्हणतात,
'पण खोलीला असतं.'

लंडनला जाऊन आले.
तिथल्या प्राध्यापिकेचं नाव घेतलं
की माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात.
संध्याकाळी मनोरा शोधला. बारा घंटा,
आणि दोरांपेक्षा माणसं जास्त.
वहीत नाव लिहून जा, म्हणाले,
अगदी सभ्यपणे, दंतवैद्याकडे म्हणतात तसं.

दुसरीकडे शिष्यवृत्ती भरघोस, मनोरा बंद, आत कबुतरं.
तिसरीकडे घंटा विजेवर वाजतात.
ती ओळ मी परतीच्या गाडीतच खोडली.

चौथं गाव उत्तरेला.
विभाग जुन्या बिस्किट कारखान्यात,
लिफ्टमध्ये अजून आल्याचा वास येतो
असं डॉ. ओयेलारन शपथेवर सांगतात. मला नाही आला.
बुधवारी साडेसातला मनोऱ्यात गेले.
आठ घंटा, सात माणसं.
आठवा दोर खुंटीला गुंडाळलेला,
त्याच्या लोकरी मुठीवर धूळ.
'गिल गेली तेव्हापासून,' बस चालवणारा डेस्मंड म्हणाला
आणि पुढे काही बोलला नाही.
सातांनी वाजवायला घेतलं.
प्रत्येक फेरीच्या शेवटी, जिथे आठवी पडायची तिथे,
एका घंटेएवढी जागा
ते न चुकता मोकळी सोडत होते.

ते मला बघवेना. ऐकवेना म्हणायला हवं.

लंडनला नकार कळवताना एक चौकट होती :
कारण द्या, पन्नास शब्दांत.
मी 'वैयक्तिक' लिहिलं.
उरलेले एकोणपन्नास मनोऱ्यात चालले नसते,
आणि त्या चौकटीतही.

वडील तक्त्यावर बोट ठेवतात.
कागदावर तेलाचा ठसा, नेमका भाड्याच्या आकड्यावर.
'किती लांब?'
गाडीने सात तास.
'मासे टिकायचे नाहीत.'
नाहीत.
ते बेसिनपाशी जातात, पुन्हा हात धुतात,
आधीच धुतलेले.
पाठमोरेच विचारतात,
'त्या आठवीचं वजन किती?'
सहाशे किलो.
'आणि तुझं?'
बावन्न.
'मग ओढणार कोण कुणाला?'

ओढायचं नसतं, बाबा.
दर गुरुवारी परत येताना सांगत होते ना.