पिवळा ठिपका

डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद धरला समोर,
मधोमध एक काळा टिंब.
"डावा डोळा झाका. रेषा सरळ दिसतात?"
मी म्हटलं, नाही.
घणसोलीजवळ एक रस्ता वाकलाय.

त्या हसल्या. त्यांना कुठे ठाऊक
की एकतीस वर्षं मी सरळ रेषाच ओढल्या,
कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, टी-स्क्वेअर दाबून धरून.
ट्रेसिंगच्या कागदाखाली भातशेतं, वर सेक्टर.
खाली मिठागरं, वर सेक्टर.
खाडीचा एक बारीक फाटा तर मी
ब्लेडने खरवडून काढला होता,
शाईचा ओघळ समजून.

"डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी
एक पिवळा ठिपका असतो," त्या सांगत होत्या,
"सगळ्यांच्याच. तुमचा झिजतोय.
तो पिवळा रंग शरीराला घरी करता येत नाही,
खाऊन आणावा लागतो.
पालक, मका. आणि अंड्याचा बलक,
त्यातला चटकन अंगी लागतो,
स्निग्धासकट येतो ना."
म्हणजे बरं होईल?
"तसं मी म्हणणार नाही.
गेलेलं गेलं. उरलेल्याला जरा आधार."

अंडं.
भाऊ कॉलेजात असताना एकदा खाऊन आला,
तर आईने त्याची कपबशी वेगळी केली होती,
आणि ती फुटेपर्यंत वेगळीच राहिली.

ठमाबाई गावठाणातून येते, आठवड्यातून तीनदा.
वरच्या टोपलीत माठ, शेवग्याच्या शेंगा,
खालच्या टोपलीत, भाताच्या तुसात,
अंडी. एकोणीस वर्षांत तिने
खालची टोपली माझ्या दारात उघडली नव्हती.
मी मागितली तेव्हा ती हसली नाही.
एक अंडं उचललं, बोटांच्या कड्यात धरलं उन्हाकडे,
एक डोळा मिटून पाहिलं,
मग माझ्या हातात दिलं: "बग, बाय.
आत जीव नाय. निस्ता पिवला."

मीही धरलं उन्हाकडे.
उजळलेल्या कवचात मध्यभागी एक सावली,
नेमकी तिथेच,
जिथे मला हल्ली माणसांचे चेहरे दिसत नाहीत.

तुमचं शेत कुठे होतं गं?
(एकोणीस वर्षं उशिराच विचारलं.)
तिने हनुवटीने दाखवलं.
"ती तुमची पान्याची टाकी हाय नं,
तिचे खाली."

टाकी मला आठवली.
त्या अख्ख्या नकाशात तेवढंच एक वर्तुळ होतं.
कंपास मीच फिरवला होता,
मध्यावर सुईचं भोक पडलेलं.

दुधाचं पातेलं नको, चहाचं नको,
शेवटी ब्रश धुवायचं जुनं जर्मनचं काढलं.
दहा मिनिटं ते पाण्यात टकटक करत राहिलं,
कुणी आत घ्या म्हणतंय असं.
सोललं. मीठ लावलं.
चव? पहिल्या घासाला ओल्या भिंतीसारखी,
दुसऱ्याला भूक लागली.

तीन महिने झाले. कागद फ्रीजवर चिकटवलाय.
रोज सकाळी एक डोळा झाकते, मग दुसरा,
रस्ता अजून वाकलेलाच आहे,
जास्त वाकला नाही, इतकंच.
डॉक्टरीणबाई म्हणतात, हेही पुष्कळ.
अंड्यामुळे का, ते त्याही सांगत नाहीत.

काल मला जसं दिसतं तसं
पेन्सिलीने गिरवून ठेवलं त्या चौकटींवर.
जुना हात, रेषा अजून बारीक येते.
ठमाबाई टोपली उतरवून बराच वेळ बघत राहिली.
वाकलेल्या रेषेवर बोट ठेवलं,
तुसाची धूळ लागलेलं.
"हा तं आमचा बांध," म्हणाली.
"असाच व्हता. मधी उंबर व्हता, त्याला वलसा घालून."

मी खोडरबर शोधत होते,
तो तसाच हातात राहिला.

"दोन जास्त दे या खेपेला," मी म्हटलं.
"बगते," ती म्हणाली, टोपली डोक्यावर घेत,
"कोंबडी खुडूक नाय बसली तं."