सगळे स्वर बंद

वाय-फाय बंद. ब्लूटूथ बंद. अँटिव्हायरसला रजा.
कोपऱ्यात जे जे लुकलुकत होतं ते ते मारलं.
तरी लॅपटॉपचा पंखा दम लागल्यासारखा फिरतोच,
म्हणून त्याच्या पोटाखाली इल्पोच्या माशांच्या डब्यातली
बर्फाची पिशवी, फडक्यात गुंडाळून.
पुउला तळ्याकाठचा लाकडी नाचमंडप,
जुलै, रात्रीचे साडेनऊ, आणि ऊन अजून
फळ्यांच्या फटींतून थेट माझ्या स्क्रीनवर.
आकडे वाचायला तळहाताची सावली धरावी लागते.

आठ जीबी.
एवढ्याशा खोलीत मला नांदवायचेत
एक ग्रँड पियानो, तो एकटाच तीन खातो,
बारा व्हायोलिनं, एक घोगरा ऑर्गन
आणि आह्तीचा अकॉर्डियन.
आह्ती स्वतः खांद्यामुळे हल्ली वाजवत नाही,
दारावर तिकिटं फाडतो.
त्याचा एकेक स्वर मार्चमध्ये त्याच्याच सौनात टिपला,
शेगडी थंड असताना,
बटणांची टकटक आणि भात्याची सूंसुद्धा.
चाळीस वर्षं चारशे एमबीत कोंबलीस? तो म्हणाला.
साडेसहाशे, मी म्हटलं.
बरं वाटलं असावं त्याला.

बफर १२८ ठेवला की तडतड.
२५६ ला तडतड नाही, पण बोट आधी आणि आवाज किंचित मागून,
सिडनीहून फोनवर बोलणाऱ्या माझ्या थोरलीसारखा.
मी २५६ च ठेवते.
मागून येणाऱ्याची वाट बघता येते मला.

एका वेळी अठ्ठेचाळीस स्वर, ही मर्यादा.
एकोणपन्नासावा आला
की सर्वांत जुना गुपचूप कापला जातो.
कुणाला कळत नाही.
मला कळतं, मग मी पेडलवरचा पाय उचलते.

इथली रीत अशी: दोन गाणी एकाच जोडीदाराशी,
मग त्याला जागेवर पोचवून आभार मानायचे.
तेवढ्या पावलांत मी व्हायोलिनं उतरवते, पियानो चढवते,
ऐंशीला टेकलेली रेघ चाळिसावर येताना बघते.
कधी कधी कुणी हात लवकर सोडतं
आणि पियानो अर्धाच आलेला असतो.

अकरा वाजता भिंतीवरची पाटी पेटली: आता बायकांनी विचारायचं.
हिल्का कॉफीच्या काउंटरमागून एप्रन न काढताच आली
आणि उभी राहिली ऊर्होसमोर,
जो पाच उन्हाळे नुसता खांबाला टेकून असतो.
पहिला टँगो ठीक.
दुसरा टँगो, शेवटची ओळ, मी बोटं उचलली
आणि अकॉर्डियनचा खालचा सा तसाच राहिला.
बोट सुटल्याचा निरोप केबलीत कुठेतरी हरवला असणार.
यंत्राला वाटतं, मी अजून दाबूनच आहे.
संगणकातल्या भात्याला तर शेवटच नसतो.

यासाठी एक बटण असतं, लाल.
सगळे स्वर बंद.
मी त्यावर बोट नेलं.
इल्पोनं काठ्या अधांतरी धरून माझ्याकडे बघितलं.
गाणं संपलंय की नाही, मंडपात कुणालाच कळेना,
आणि गाणं संपेपर्यंत हात सोडायचा नाही, ही पण रीतच.
चाळीस जोड्या उभ्या. डास. एक फळी करकरली.
हिल्काची हनुवटी ऊर्होच्या खांद्याला,
त्याचा पंजा तिच्या एप्रनच्या गाठीवर.
दारात आह्ती, तिकिटांचं पुस्तक काखेत,
स्वतःचाच स्वर ऐकत ओठांनी काहीतरी मोजत होता.
एवढा दम आपल्याला कधी होता, हेच बहुतेक.

सीपीयू सहा टक्के.
अख्ख्या रात्रीत ते इतकं हलकं कधी नव्हतं.

मी बोट बटणावर तसंच ठेवलं, न दाबता,
पिशवीतलं पाणी टेबलाच्या कडेवरून
माझ्या डाव्या बुटात गळायला लागेपर्यंत.