सीट दोन खाचा पुढे

रजाकभाईंनी बॉनेट उघडं ठेवूनच सांगितलं,
बेन, बेचाळीस हजार.
आणि विकायला गेलात तर बावीस,
तेही दिवाळीच्या आधी.
मग चिंधीनं एकेक बोट पुसत
पाणीगेटच्या रहदारीकडं बघत राहिले,
डॉक्टर बघतात तसे,
नातेवाइकांना जरा वेळ देत.

नव्व्याण्णवची झेन. जीजे सहा.
रंग कागदोपत्री चंदेरी.
विश्वामित्री दोनदा हिच्या आत येऊन गेली,
दुसऱ्या वेळी थेट डॅशबोर्डपर्यंत.
कार्पेट उचललं की अजून निघतो
बोटभर गाळ, वाळून पापडासारखा झालेला.
शेजारच्या सोसायटीत तेव्हा मगर निघाली होती.
आमच्याकडे नुसता एक बेडूक, मागच्या सीटवर,
पट्टा न लावता.

केतकी फोनवर म्हणते, आई, एअरबॅग नाहीत.
खरंय.
एसी आहे म्हणायला आहे.
मागची डावी काच तळव्यांत धरून वर ओढावी लागते,
म्हणून पावसात त्या बाजूला
कुणी बिचकणारं माणूस बसवत नाही.

हे काहीच म्हणत नाहीत.
नजरेच्या मधोमध डाग आला तेव्हापासून
किल्ली माझ्या पर्समध्ये,
आणि हे शेजारी बसून
काळ्या घोड्याच्या सर्कलला
पायाखालच्या रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबतात.
पत्रा तिथं थोडा खचलाय. मी पाहिलंय.
बोलले नाही.

शनिवारी अलकापुरीच्या शोरूममध्ये गेले. एकटी.
जिगर नावाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र,
माशी, बेसो ने, म्हणाला
आणि खाली कुठंसा हात घालून
त्यानं सीट माझ्यासकट पुढं सरकवली.

क्लच तळपायाखाली आला.
पूर्ण.

यांची उंची सहा फूट, सीट यांच्या मापाची.
सुरुवातीला मी सरकवून घ्यायचे,
पण परत मागं करायचं राहिलं की
सकाळी यांचा गुडघा स्टिअरिंगला आपटायचा,
मग घरात दिवसभर तो गुडघा.
म्हणून सरकवणं सोडलं, पाठीशी उशी घेतली.
नंतर पूर आला, रूळ गंजून बसला
आणि उशी राहिली ती राहिलीच.
तीन उशा झाल्या आतापर्यंत.
तिसरीवर मीच मोर भरला, हौसेनं.
कंबर दुखायची त्याला मी वय म्हणत होते.

जिगर मायलेज सांगत होता, एक्सचेंज बोनस सांगत होता.
मी त्याच्या गाडीची सीट
मागं-पुढं, मागं-पुढं करत होते.
पोरगा बिचारा शेवटी गप्प झाला.

सोमवारी पुन्हा पाणीगेट.
इंजिनाचं नंतर बघू, म्हटलं, आधी हा रूळ.
रजाकभाईंनी डिझेल ओतलं,
शेवउसळ खाऊन येतो म्हणाले, आले,
आणि हातोडी घेतली. सात घाव.
पावागडच्या पार्किंगची पावती निघाली आतून,
शेंगांची टरफलं निघाली,
मग एकदम किंचाळून
सीट सरकली. एक खाच. दोन.

उशी डिकीत टाकली.
स्टेपनीवर मोर बरा दिसतो.

बेचाळीस हजारांचं अजून ठरलेलं नाही.
जिगरचे रोज दोन मेसेज येतात, एक सुप्रभातचा.
केतकी म्हणते, हे म्हणजे काहीच न ठरवणं झालं.
असेल.

संध्याकाळी यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं.
हे बसले, दार दोनदा आपटून लावलं,
आणि माझा खांदा नेहमीच्या जागी नाही
असं काहीतरी लक्षात आलं असावं.
हात लांबवून माझ्या सीटची कड चाचपली,
खालपर्यंत.
आता मला नाही बसता यायचं तिथं, म्हणाले.

नाही, म्हटलं,
आणि पहिला गियर टाकला.

काळ्या घोड्याला एक रिक्षा आडवी आली.
यांनी ब्रेक दाबला.
मीही दाबला.